टोपलीवरचं पत्र

ये गं, कागदावर का होईना, जरा जवळ सरक. तू माझ्या नणंदेची एकुलती लेक. फोनवर दर वेळी म्हणतेस, मामी, ह्या महिन्यात नक्की. किती महिने झाले ते तूच मोज. पुण्याहून नसरापूर काय परदेशात आहे? आणि लग्नात मी दिलेलं सूप भिंतीला टांगलंयस, त्यावर आता पांढऱ्या रंगानं वारलीची माणसं काढणार म्हणालीस. त्याला हात लावू नकोस. का ते सांगते. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

भोरात एक जुन्या कागदांचं ग्रंथालय आहे. सरकारी नव्हे, चार माणसांनी स्वतःच्या हौसेनं चालवलेलं. लोकांच्या घरची दप्तरं, पत्रं जपून ठेवतात, अभ्यासाला लोक येतात. तिथं शनिवारी मोडी शिकवतात. मी शाळेची पायरी न चढलेली बाई, पोराच्या पुस्तकावर वाचायला शिकले, हे तुला ठाऊक आहेच. देवनागरी आली, मग मोडीनं काय घोडं मारलंय, म्हणून नाव घातलं. आमच्या पालीपासून वडापच्या जीपनं नसरापूर, तिथनं भोरची एसटी, अर्धं तिकीट. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि मधे मी. पोरं म्हणायची, आजी, पेपर फुटला तर आम्हाला पण सांगा.

शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सगळ्यांना सांगितलं, प्रदर्शन भरवायचंय, घरात जुना कागद असेल तो आणा. मी हसून म्हटलं, आमचे कागद आम्ही टोपलीला लावले. पोरं हसली. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, टोपली आणा.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. बुरुडाची टोपली नवी असली की तिच्या फटींतनं पीठ गळतं. मग रद्दी भिजत घालायची, मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या, उखळात कुटायचं आणि तो लगदा टोपलीला, सुपाला थापायचा. मेथीनं कीड लागत नाही. वरनं एखादा आख्खा कागद चिकटवायचा, म्हणजे गुळगुळीत होतं. मला सून होऊन येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. रद्दी काही मिळेना, म्हणून मीच माळ्यावरचं लाल फडक्यातलं दप्तर मागितलं. मामंजी म्हणाले, घ्या, जमिनीचे कागद कचेरीत आहेत, हे मोडी कोण वाचतंय आता. दुपारभर मी ते कुटलं. सासूबाई, तुझी आजी, शेजारी बसून मेथ्या वाटत होत्या. एक कागद मात्र त्यांनी माझ्या हातातनं काढून घेतला.

"त्यो कुटू नगं. जाड हाय, वरनं लाव."

टोपलीच्या बुडाला तो मोठा झाला, तेव्हा त्यांनी ओल्या बोटानं रेघ ओढून जपून फाडला. उरलेला माझ्या हाती देऊन म्हणाल्या, ह्यो सुपाला. कागद जाड आहे म्हणून सांगत असतील, असं समजून मी लावला.

प्रदर्शनाच्या दिवशी गेले तर माझी टोपली काचेच्या पेटीत, खाली पांढरं कापड, वर दिवा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या टोपलीत मी कुरडया वाळवल्यात. इकडंतिकडं बघून पदरानं तोंड झाकलं. शेजारी चिठ्ठी होती, त्यावर एवढंच की बाईच्या हातचं पत्र, अपुरं. कुठल्या बाईचं, ते नव्हतं. चष्मा लावून वाकले. महिनाभर क, ख गिरवलेली मी, एकेक अक्षर काचेवर बोट ठेवून लावत गेले.

दादास बहिणीचा नमस्कार. हे पत्र माझ्या हाताने लिहिते. सासरी कोणास ठाऊक नाही. आंबवड्याच्या घरी मागच्या दाराशी बसून तुझे धडे ऐकून ऐकून शिकले. तुझ्याकडे एकच मागणे आहे की.

तिथं कागद संपला.

आंबवडं म्हणजे सासूबाईंचं माहेर. मी बाकड्यावर बसले. जन्मभर रेशनच्या दुकानात, सोसायटीत, कुठंही अंगठा उठवणारी बाई. शाई पुसायला मीच फडकं द्यायचे. शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. मी विचारलं, तुम्ही वाचलं होतंत ना?

"वाचलं होतं, आजी. पण तुमच्या घरचं, तुम्हीच आधी वाचावं म्हणून थांबले."

एसटीत बसले आणि दुसरा धक्का बसला. तो पहिल्यापेक्षा मोठा. मी पोराचं पुस्तक चुलीपाशी लपवून वाचायचे, तेव्हा सासूबाई आत येताना उंबऱ्याबाहेर हटकून खाकरायच्या. खाकरलं की मी पुस्तक पोत्याखाली सारायचे आणि भाकरी थापायला घ्यायचे. मनात म्हणायचे, बरं झालं म्हातारीला खोकला आहे. अगं, त्यांना कधी खोकला नव्हता. इतर कुठं खाकरलेल्या मला आठवत नाहीत. एका चुलीपाशी आम्ही दोघी, एकीपासून दुसरी लपवत बसलो. मी तर त्यांचं दप्तर त्यांच्यासमोर कुटलं, आणि त्या मला मेथ्या वाटून देत होत्या. त्यात त्यांचं आणखी काय होतं, ते आता कोण सांगणार? ते पत्र धाडायचंच राहिलं, की दुसरं लिहून धाडलं, तेही कळायचं नाही.

पण मागणं काय होतं, ते उरलेल्या कागदावर, म्हणजे तुझ्या भिंतीवरच्या त्याच सुपावर आहे. दादा गेला, त्या गेल्या, द्यायला कुणी उरलं नाही. तरी निदान ऐकून तरी घेऊ. लेकीची लेक तू, तुझ्यासमोरच वाचीन, एकटी नाही वाचवणार मला.

सुपाला ओलं फडकं लावू नकोस, नखानं खरवडू नकोस. जुन्या सुती लुगड्यात गुंडाळ आणि मांडीवर धरून आण, एसटीत वरच्या फळीवर टाकू नकोस. शनिवारी वर्ग असतो, म्हणून शुक्रवारीच ये. मी नसरापूरच्या स्टँडवर उभी राहते. ह्याच शुक्रवारी ये गं.