काळुरामची चारही चाकं

काळुरामला संसारात एकच प्रश्न पडायचा : पुरलं किती?

हा प्रश्न त्याने लढाईतून आणला होता. लढाईतून म्हणजे कल्याणच्या मिलिटरी कँपातून. तिथे तो सामान चढवायला लागला आणि ड्रायव्हर होऊन बाहेर पडला. कँपातला कुणी साहेब म्हणे रोज संध्याकाळी विचारायचा, कुठली गाडी गॅलनला किती मैल गेली. काळुरामने ते गाडीपुरतं ठेवलं असतं, तर त्याची बायको तुळसा हिची काही तक्रार नव्हती. पण लढाई संपली, कँप रिकामा झाला, आणि काळुराम आंबिवलीला घरी येऊन बसला. बसला तो थेट चुलीसमोर.

"एका मोळीत भाकरी किती झाल्या गो?"

"खाल्ल्या तेवढ्या झाल्या."

"जयाची चूल बघ. तेवढ्याच लाकडात तिचं भाकरी होऊन कालवण पन होतं."

जया म्हणजे धाकट्या दिराची, गोपीनाथची बायको. तिची चूल पडवीच्या पलीकडच्या टोकाला होती आणि काळुराम दोन्ही चुलींवर नजर ठेवून मधोमध बसायचा. तुळसा सुकटीला तेल घालायला लागली की तो पळीखाली तळहात धरायचा. फुंकणी हातात घेतली की म्हणायचा, "तुझा अर्धा वारा बाजूनं जातो." तुळसाने सासू सोसली होती. पण सासूला दुपारी झोप तरी लागायची.

म्हणून मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला आणि काळुरामने एक ट्रक घरी आणला, तेव्हा तुळसाने त्याला मनापासून ओवाळलं. शेजारणींना वाटलं, लक्ष्मी म्हणून ओवाळते आहे. तुळसाच्या दृष्टीने नवऱ्याला सकाळी घराबाहेर काढणारी ती देवाने धाडलेली वस्तू होती.

गोपीनाथनेही त्याच लिलावात ट्रक घेतला, पण दुसरा. कारण काळुरामने घेतला तो त्याला आवडला नाही. दोन्ही गाड्या फोरवील, म्हणजे इंजिन चारी चाकांना ओढायला लावणाऱ्या. काळुरामच्या गाडीचं इंजिन लहान. ती चढावर म्हातारीसारखी कण्हत चढायची. गोपीनाथची मोठ्या इंजिनाची. ती चढ आला की डरकाळी फोडायची आणि कोंबड्या आठवडाभर अंडी द्यायच्या नाहीत. वीटभट्ट्यांचा माल दोघेही वाहायचे आणि रात्री अंगणात एकमेकांना ऐकवायचे.

"माझी जोरात जाते."

"माझी कमी पिते."

"दादा, तुझी कमी पीत नाय, कमी चालते."

असं दोन वर्षं सुखाने चाललं. मग पेट्रोलची रेशन-कुपनं देणारा नवा साहेब आला आणि म्हणाला, एका घराला एकाच ट्रकची कुपनं. आता कुठली गाडी ठेवायची आणि कुठली विकायची? दोन्ही भाऊ आईसमोर येऊन उभे राहिले. बायजा म्हातारी पाटावर बसून सुपारी कातरत होती.

"कमी पिईल ती ऱ्हाईल," ती म्हणाली. "ठाण्याच्या टेंभी नाक्यावर जावा नि परत या. मी येते बघायला."

तुळसाने चुलीकडे बघितलं. गाडी गेली की काळुराम पुन्हा चुलीसमोर. आणि या खेपेला तो दोन वर्षांचं साठवलेलं ज्ञान घेऊन बसणार होता.

परीक्षेला दोन्ही गाड्यांवर सारखा भार हवा. पण पावसाळा नुकताच सरलेला, भट्ट्या बंद, भात अजून शेतात उभं. विटाही नाहीत, पोतीही नाहीत. तेवढ्यात आळीतल्या बायकांना कळलं की ठाण्याला गाड्या चालल्यात. बांगड्या भरायच्या होत्याच. झालं, भार आपल्या पायांनी चालत आला.

"लाकडाच्या वखारीत काटा हाय," काळुराम म्हणाला. "एकेकीला जोखून घेऊ."

यावर बायका जे बोलल्या ते लिहिण्याजोगं नाही. शेवटी बायजाने नजरेनेच वाटणी केली. एक जाड इकडे, एक जाड तिकडे. कुणालाच आपण जाडांत मोजलो गेलो हे मान्य नव्हतं, त्यामुळे अर्ध्या बायका रुसूनच गाडीत चढल्या. बायजा गोपीनाथच्या गाडीत बसली. "माझा काय भार!" ती म्हणाली, आणि गाडी एका अंगाला कलली.

दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. टेंभी नाक्याला पुन्हा तेवढ्याच भरायच्या. जिला जास्त लागेल ती जास्त प्यायली.

तुळसा नवऱ्याशेजारी पुढे बसली होती. डांबरी रस्ता सुरू झाला तरी काळुराम स्टिअरिंगशी झटत होता, जणू खाचरातून नांगर ओढतोय. घाम निथळत होता. त्याच्या पायाशी दोन दांडे होते : एक लांब, गिअरचा, आणि एक ठेंगणा, पुढे लोटलेला.

टेंभी नाक्याला गाड्या थांबल्या. बायका बांगड्यांकडे पळाल्या. बायजाच्या देखत डब्यातून पेट्रोल ओतलं. काळुरामच्या गाडीला एक लोटा जास्त लागलं.

गोपीनाथने मिशीवरून हात फिरवला. "दादा, जोर पन माझा नि काटकसर पन माझी."

 काळुराम बॉनेटला टेकला. मग हळूच म्हणाला, "तुळसे, तू पीठ मळताना पानी एकदम घालतंस. ते थेंब थेंब घालून बघायला पायजे."

 तुळसा तडक गोपीनाथच्या गाडीकडे गेली आणि आत डोकावली. तिथेही दोन दांडे होते. पण ठेंगणा दांडा उलट्या बाजूला झुकलेला होता.

"भावोजी, हा बुटका कशाला असतो?"

"तो पुढच्या चाकांचा, वयनी. चिखलात लावायचा. कोरड्या रस्त्याला काय काम? उगा पेट्रोल खातो."

ती परत आली. "अवो, तुमचा बुटका पुढं का?"

"म्हंजे? चारी चाकं ओढायला नकोत?"

"डांबरावर?"

"चार चाकांची गाडी घेतली मी," काळुराम दुखावून म्हणाला. "चौघांना पोसायचं नि दोघांकडूनच काम घ्यायचं? बाकीची दोन काय पावनी आलीत?"

म्हणजे दोन वर्षं हा माणूस कोरड्या रस्त्यावर चारी चाकं जुंपून फिरत होता आणि वर इतरांच्या फुंकणीतला वारा मोजत होता! तुळसाच्या ओठांवर पुष्कळ आलं. पण 'तुमचं चुकलं' म्हटलं तर तो दांडा जन्मात मागे येणार नाही, हे ती जाणून होती. ती त्याच्या जवळ सरकली.

"माझ्याकडं लुगडी चार हाईत."

"मग?"

"चारी एकदम नेसते का मी?"

तुळसाने पुढच्या चाकावर हात ठेवला.

"दोन झिजवते, दोन ठेवते. तुमी चारी चाकं एकदम झिजवताव. उद्या चारी एकदम फाटतील."

हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबाने मैल सांगितले, गॅलन सांगितले, पण ठेवणीतली चाकं सांगितली नाहीत. तो गाडीत चढला, आणि ठेंगणा दांडा अलगद, ट्रंकेत शालू ठेवावा तसा, मागे घेतला.

येताना गोपीनाथ जिंकल्याच्या मस्तीत सुटला. चढावर त्याची गाडी अशी गेली की मागच्या बायकांच्या नव्या बांगड्या वाटेतच फुटल्या. काळुरामची गाडी मागून कण्हत, पण हलकी हलकी येत होती. एका हाताने स्टिअरिंग वळतंय हे पाहून तो दोनदा गाडी थांबवून खाली बघून आला, चाकं आहेत ना म्हणून.

आंबिवलीला पुन्हा टाक्या भरल्या. या खेपेला काळुरामला दोन लोटे कमी लागलं, म्हणजे जाऊन-येऊन एक लोटा कमीच.

"आये, पन माझ्या इंजिनाचा जोर बघितलास ना?" गोपीनाथ ओरडला.

"बघितला," बायजा कंबर धरून उतरत म्हणाली. "माझी हाडं इक तुझ्या गाडीसंगट."

गोपीनाथची गाडी खाणवाल्याने नेली. भट्ट्या सुरू झाल्या तसा काळुराम पहाटे तिकडे जाऊ लागला आणि तुळसाची चूल तिची तिला मिळाली. चार दिवसांनी जया पडवी ओलांडून आली. तिच्या भुवया जळलेल्या होत्या.

"ताय, हे घरी बसलेत. म्हनतात, चुलीत जोर नाय. वैरणीचा भारा घातला आत. भाकरीचा कोळसा, माझ्या भुवया गेल्या. तुझ्या गाडीत एक मानूस मावतो का?"

त्या रात्री तुळसाने काळुरामला वाढता वाढता म्हटलं, "एकट्यानं चालवताव. तुमी एकटेच झिजाल."

काळुरामने जेवता जेवताच गोपीनाथला हाक मारली.

दुसऱ्या दिवसापासून दोघे भाऊ एकाच गाडीवर जाऊ लागले. पहाटे गाडी अंगणातून निघाली की तिच्या आवाजावर चढून त्यांचे आवाज यायचे.

"दादा, इथं चिखल हाय, लाव बुटका."

"चिखल नाय, ओल हाय. माझी पुढची चाकं ठेवणीतली हाईत."

"मग गाडी ढकलायची का मी?"

"ढकल. तू पन बसूनच असतंस."

जया दारात येऊन कानोसा घेऊ लागली. "भांडतात गो."

"भांडू दे," तुळसा पीठ चाळत म्हणाली. "भांडण हाय तवर दोघांतला एक पन घरी बसत नाय."