बोटीचा तळ आणि घरचा नळ

मंडळी, आज रजा टाकून खडकवासल्याला गेलो. आमच्या जुन्या शिडाच्या बोटीखाली लोखंडाचं जड वजन आहे. ते धरणाऱ्या बोल्टांमधून पाणी आत येत होतं. ते वजन निखळलं तर बोट कलंडणारच!

महिनाभर मी नट आवळत होतो. लोणी काळभोरचे पंपवाले दत्तूमामा काठावर ओढलेली बोट बघून म्हणाले, "सायेब, आवळून काय व्हनार? आतलं वायसर सडलंय. आदी सोडा की!"

एकेक नट सोडून नवे वायसर बसवले आणि फटींत चिकट सीलंट भरलं. संध्याकाळी बोट पाण्यात सोडली, तर आतून तळ कोरडा ठणठणीत!

घरी हात धुवायला गेलो, तर नळही कोरडा ठणठणीत. बायको म्हणाली, "अहो, आज गुरुवार, पाणी बंद. बोटीतलं बादलीभर आणायचं राहिलं वाटतं!"

बोट कोरडी झाली, बोटं मात्र अजून चिकट आहेत. कुणाकडे पाणी आलंय का हो?