आत्याचं लोंबलेलं दार

आमची आत्या गेली, त्याला महिनाही झाला नाही अजून. लोक भेटायला येतात, चांगली होती म्हणतात. चांगली होतीच, पण संशयी किती होती ते कोणी बोलत नाही, आणि ते सोडलं तर आत्या उरते कुठे? गल्लीत तिला फौजदारीण म्हणायचे. दूधवाल्यानं एखाद दिवशी माप जरा जास्त घातलं तर ही म्हणायची, आज पाणी जास्त पडलेलं दिसतंय.

यजमान गेल्यावर ती एकटी राहायला लागली आणि बाहेरच्या दाराला कड्या वाढायला लागल्या. एक आधीची होती. मग तिच्या वर एक, खाली एक, मग आडवी लोखंडी पट्टी. तरी जीव थाऱ्यावर येईना, म्हणून दाराच्या मुठीला आतून जाड कापडाची पिशवी टांगली. तिच्यात तराजूची जुनी वजनं, गंजलेली कुलपं, एक लोखंडी बत्ता. कोणी दाराला हात लावला की खडखडाट झाला पाहिजे.

आणि मग दारच लागेना. खालनं फरशीला घासायला लागलं, कडी कोयंड्याच्या खालीच राहायला लागली. मुलाला कळलं तसं तो म्हणाला, दार लागत नाही अशा घरात तू एकटी राहायची नाहीस, रविवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव.

आत्याला सगळं लख्ख दिसलं. मागच्या खेपेला निघताना मुलगा दाराशी किती वेळ बोलत उभा होता, आणि हात कुठे, तर बिजागरीवर. त्यात खाली लाकडाचा भुसाही सापडला. तो तिनं काडेपेटीत भरून ठेवला, पुरावा म्हणून. आता तिकडे मुलाच्या घरी गेलं की हे घर गेलं, आपण परत काही येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

सुतार बोलवावा तर सुतार मुलाच्या ओळखीचा. म्हणून रविवारी सकाळीच जावयाला बोलावलं. जावयावर विश्वास होता अशातला भाग नाही. पण मुलाचं आणि त्याचं पटत नाही, एवढं तिला पुरलं.

जावई शिवणयंत्रं दुरुस्त करतो, माणूस कमी बोलणारा. आत्या खुर्ची टाकून समोरच बसली. काढलेला प्रत्येक स्क्रू माझ्या हातात द्यायचा, म्हणाली. त्यानं दिला. वरच्या बिजागरीचे तर बोटानंच निघून आले.

"बघा, सैल करून ठेवलेत की नाही?" आत्या म्हणाली. काडेपेटीही उघडून दाखवली.

"सैल कोणी केले नाहीत, आई. भोकं मोठी झालीत. भुसा दार घासून पडलाय. दार ओढलं गेलंय या बाजूनं."

"कोणी ओढलं?"

जावयानं मुठीची पिशवी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली, तेव्हा फरशी वाजली.

आत्यानं पिशवीकडे बघितलं. मग म्हणाली, "ती काय करते बिचारी, नुसती लटकते."

"लटकते म्हणूनच."

त्यानं नंतर लावलेल्या कड्या, पट्टी, सगळं उतरवलं. भोकांत सरसात बुडवलेल्या काड्या ठोकल्या, त्या वाळेपर्यंत चहा प्यायला. खाली पाचर सारून दार उचललं आणि लांब स्क्रू आवळले. पाचर काढली. दार नुसत्या बोटानं फिरलं आणि कडी आपली आपण बसल्यासारखी बसली.

आत्याला तेही आवडलं नाही. इतकं सहज लागतं म्हणजे सहज उघडतही असणार.

तेवढ्यात मुलगा आला, हातात रिकाम्या बॅगा. तुझ्या खोलीला रंग दिलाय म्हणाला. आत्यानं त्याला आत घेतलंच नाही, दार लावलं, कडी घातली.

"ढकल," आतून म्हणाली.

"ढकलतोय."

"नीट ढकल, नाटक करू नकोस."

दार हललं नाही.  मग मुलगा म्हणाला, "लागलं गं, आई. आता मला आत तरी घे."

चहा झाला, दोघे मेहुणे एकमेकांकडे न बघता बिस्किटं खात बसले. मुलगा रिकाम्या बॅगा घेऊन परत गेला. जाताना दाराशी थांबला, पण हात खिशात.

जावई हत्यारं आवरत होता. आत्या त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "खरं सांगा जावईबापू. मी तुमच्याकडे राहायला येऊ नये म्हणूनच इतकं नीट बसवलंत ना?"

जावयानं मान वर केली नाही. "हो," म्हणाला.

आत्या हसली. यजमान गेल्यानंतर ती एवढी हसलेली आमच्यातल्या कोणी पाहिली नव्हती. खरं बोलणारा एक तरी माणूस घरात आहे म्हणाली, आणि त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवटपर्यंत राहिली ती त्याच घरात, एका कडीवर.