टोपलीखालची पिल्लं

ही गोष्ट माहीत असलेला दुसरा माणूस यंदाच्या श्रावणात गेला. तो माझा थोरला भाऊ. आता ती एकट्या माझ्याकडे आहे. मी गप्प राहिलो तर ती माझ्याबरोबरच संपेल — आणि तेवढी सोय मला नको आहे. म्हणून लिहितो. सावकाश लिहितो, कारण सारवासारव मला फार चांगली जमते.

कदाचित तुम्ही माझी पत्रं वाचली असतील. रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत वाचकांच्या पत्रव्यवहारात मी वर्षानुवर्षं लिहीत आलो. वाळूत जीपगाड्या घालणाऱ्यांवर, सुरूच्या बनात बाटल्या फोडणाऱ्यांवर, समुद्राकडे तोंड करून रात्रभर दिवे जाळणाऱ्या रिसॉर्टवाल्यांवर. भाट्यापासून गुहागरापर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर जा, हेच दिसेल. राग खरा होता. अजून आहे. पण त्या पत्रांखाली ज्याची सही आहे तो माणूस — तो कोण होता?

आमचं गाव जयगडच्या अलीकडे. मी हायस्कुलात शिकवायचो. दादा माडांवर चढायचा, होडीवर जायचा आणि तरुणपणी कासवांची अंडी उकरून बाजारात विकायचा. तेव्हा सगळेच विकायचे. एकदा ओटीवर बसून मी त्याला पुस्तकातून वाचून दाखवलं, की कासवीण जिथे जन्मली त्याच बाजूच्या किनाऱ्याला अंडी घालायला परत येते. दादा सुपारी कातरत होता. म्हणाला, "म्हणजे माहेराला येते की रे ती. आणि आम्ही तिची पोरं विकतो."

त्यानंतर त्याने अंड्याला हात लावला तो फक्त वाचवण्यासाठी. पुढे गावात कासवं वाचवायला समिती झाली, दादा कासवमित्र झाला. कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरटं शोधायचं, अंडी जाळीच्या कुंपणात आणून तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, तारखेची पाटी लावायची, दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालायची. पिल्लं वर आली की टोपली उचलून त्यांना वाळूवर सोडायचं. पाण्यापर्यंत त्यांनी आपल्या पायांनी जायचं. हे सगळं तो बिनचूक करायचा. तरी गावात त्याला 'अंडीवाला' म्हणायचे ते म्हणायचेच.

कासव महोत्सवाची कल्पना माझी. लोकांनी पाहिलं तर त्यांना प्रेम वाटेल, असं मी सभेत म्हणालो. पत्रकही मीच लिहिलं — 'सकाळी सात वाजता पिल्लांचा समुद्रप्रवेश पाहा.' सात वाजता! पिल्लांनी जणू घड्याळ बांधलंय. तेव्हा कुणी हसलं नाही. मीही नाही.

तो रविवार चैत्रातला. आदल्या दोन दिवसांत एकही पिल्लू वर आलं नव्हतं. पाहुणे वैतागून गेले होते, एकाने तर तोंडावर विचारलं, "मग आम्ही काय वाळू बघायला आलो?" रविवारी उजाडता उजाडता दादाने कुंपणातून हाक मारली. एका टोपलीखाली पिल्लंच पिल्लं — काळपट, तळहाताएवढीही नाहीत, एकमेकांच्या पाठीवर चढत समुद्राच्या दिशेने धडपडणारी. आणि पाहुण्यांना घेऊन येणारी मुंबईची बस महामार्गावर बंद पडलेली. दोन तास लागतील, असा फोन आला.

मी दादाला म्हणालो, "थांबवू या. बस येईपर्यंत."

"मास्तर," — तो मला चिडवायचा असला की मास्तर म्हणायचा — "तुमच्या पुस्तकात बसबद्दल काय लिहिलंय?"

"दादा, मस्करी नको. दोन दिवस माणसं रिकामी गेलीत."

मग तो हसायचा थांबला. "अरे, पिल्लाकडे शिदोरी थोडकी असते. आता ती जोरात आहेत. थांबवलीस तर टोपलीखालीच शिदोरी सरेल. मग समुद्रात कशाच्या जिवावर जातील?"

त्याला हे कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मला पुस्तकाने सांगितलं होतं. मला माहीत होतं — हे नीट वाचा. मी अजाण नव्हतो. मी त्याला म्हणालो, तू रात्रभर जागलायस, घरी जा, निजून ये, मी सोडतो त्यांना. त्याने विचारलं, "आत्ता सोडशील ना?" मी म्हणालो, "आत्ताच." धाकट्या भावावर विश्वास ठेवून तो गेला.

मी पिल्लं एका घमेल्यात काढली, सुरूच्या सावलीत ठेवली, वर टोपली झाकली.

बस दोन तासांनी नाही, साडेतीन तासांनी आली. मग चहा. मग घावणे. मग मांडवात माझं भाषण. कशावर? कासवांच्या जीवनक्रमावर! हजारातून एखादंच जगतं, म्हणून प्रत्येक पिल्लू मोलाचं आहे, असं मी सांगत होतो आणि लोक माना डोलवत होते. कुणी प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली, लांबवली. खरं सांगू? मला छान वाटत होतं. तेवढ्यात सावली सरकली होती.

टोपली उचलली तेव्हा घमेलं तापलेलं होतं. वरची काही हलत होती. खालची नव्हती.

मी काय केलं? हलणारी दहा-बारा पटकन उचलली, उरलेल्यांवर गोणपाट टाकलं आणि घमेलं सुरूच्या मागे सारलं. वाळूवर दोरी बांधली होती, तिच्या पलीकडे पाहुणे मोबाईल उंचावून उभे होते. पिल्लं चार पावलं चालत आणि थांबत. "सो क्यूट, दमली बिचारी," असं एक बाई म्हणाली. लाटेने त्यांना ओढून नेलं तेव्हा टाळ्या वाजल्या. माझ्यासाठीही वाजल्या.

दुपारी तपासणीला आलेल्या वनखात्याच्या माणसाला गोणपाट दिसलं. मांडवात सगळे जमले. दादालाही घरून बोलावलं. "पहाटेपासून पाळी कुणाची होती?" असा प्रश्न आला, आणि मी म्हणालो, "वहीत बघा."

एवढंच. दोन शब्द. वहीत दादाचं नाव होतं. मी खोटं बोललो नाही — या वाक्यावर मी सहा वर्षं जगलो. किती नेटकं, किती सुशिक्षित वाक्य! मला आज त्याची शिसारी येते.

मागून कुणीतरी म्हणालं, "अंडीवाल्याच्या हाती पिल्लं दिल्यावर दुसरं काय व्हायचं? भजी तळली नाहीत हे नशीब." लोक हसले. मी हसलो नाही, पण त्यांना गप्पही केलं नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग करदोट्याला बांधलेली कुंपणाची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

तो पुन्हा किनाऱ्यावर गेला नाही. होडीवरही नाही. माझ्याशी बोलायचा — आजारपणाचं, कलमांचं, पावसाचं. त्या दिवसाचं एका शब्दाने नाही. मीही काढलं नाही. पण त्याच आठवड्यात मी वर्तमानपत्राला पत्र पाठवलं होतं, 'पर्यटकांचा बेजबाबदारपणा' या विषयावर. ते छापून आलं. महोत्सव अजून होतो. पत्रकावर मजकूर अजून माझाच आहे, 'सात वाजता'ही तसंच.

दादाच्या दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. मुंबईहून आलेला त्याचा मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." समोरच्या माडावर चार-पाच कावळे बसले होते, पण खाली उतरेनात. तो म्हणाला, बाग विकणार नाही. कावळे उतरेनात. ऊन चढलं. गडी कुजबुजू लागले, "काहीतरी अडकलंय अंडीवाल्याचं." मग भटजी म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोला. तुमच्यात त्याचा जीव होता."

मी पुढे झालो. काय अडकलं होतं ते मला माहीत होतं. सगळा गाव तिथे होता, मांडवात हसलेली माणसंही होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला.

घरी आल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, काय राहिलं असेल हो त्यांचं?"

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. "हल्ली कावळेच कमी झालेत किनाऱ्यावर. पर्यटनाने सगळं बिघडवलंय."

"तुम्ही शिकलेले, तुम्हालाच ठाऊक," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानात भात वाढला.

मी जेवलो.