लग्न झालेलीला काम नाही

साठच्या आसपासची गोष्ट. मद्रासच्या एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंग खात्यात होते. बाटल्यांना लेबलं लावायची, खोक्यांत भरायच्या. खात्यात सगळ्या बायकाच, आणि नियम असा, की लग्न झालं की काम बंद. लग्न झालेली बाई रजा फार घेते म्हणे! नियम करणाऱ्यांच्या घरी बायका नसाव्यात बहुतेक.

माझं तर लग्न कधीच झालं होतं. यजमान क्षयानं शहराबाहेरच्या दवाखान्यात, आणि औषधपाण्याला आधार माझ्या पगाराचा. म्हणून मी कुमारी असं नाव लावलं आणि कामाला लागले. कशाला खोटं बोलू, मला त्याची लाज तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

अशा आणखीही होत्या. तमिळ बायका सकाळी गळ्यातली ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, काढून तांदळाच्या डब्यात ठेवायच्या आणि वाटभर देवाची क्षमा मागायच्या. माझं सोपं होतं. आम्ही तंजावरकडचे मराठी, माझ्या गळ्यात काळी पोत. पायातली जोडवी तेवढी काढली की झालं. काळे मणी म्हणजे लग्न, हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं. देखरेखीची बाई तर एकदा म्हणाली, "माळ छान आहे हो, कुठून घेतलीत?" मी म्हटलं, आईनं दिली.

मग पुण्याकडची एक नवी आली. नवरा मद्रासजवळ आवडी नावाच्या गावी सरकारी कारखान्यात कायम नोकरीवर, राहायला क्वार्टर. ही कामाला आली, कारण घरी बसून कंटाळा येतो! माझं तंजावरकडचं जुन्या वळणाचं मराठी ऐकून हसायची. "ताई, तुम्ही बोलता की बखर वाचता?" पण जीव लावला तिनं. डबा एकत्र खायचो. जोडवी काढून ठेवायला तिला मीच शिकवलं.

त्याच सुमारास युनियननं मागण्या लावून धरल्या. पगारवाढ, रोजंदारीवरच्यांना कायम करा, म्हातारपणी पेन्शन. फाटकाशी सभा व्हायच्या. युनियनच्या सेक्रेटरींना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या मागे लागून हिनं आणखी एक मागणी घालायला लावली, लग्नाचा नियम रद्द करा म्हणून.

मी तिला बजावलं, "बाई, गप्प राहा. तुझी चूल नवऱ्याच्या पगारावर पेटते, माझी इथल्या."

"पण ताई, असं चोरासारखं किती दिवस राहायचं?"

"म्हातारं होईपर्यंत!" मी म्हटलं.

बोलणी सुरू झाली तेव्हा मॅनेजर स्वतः खात्यात आले. आम्हाला उभं केलं आणि अण्णांना म्हणाले, "ही मागणी कुणासाठी? माझ्याकडे लग्न झालेली एकही बाई नाही." झालं, ही पुढे सरसावली. पोत पदराबाहेर ओढली आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणाली, "मी आहे. आमच्यात हीच ताली."

सगळ्या नजरा तिच्या गळ्यावरून निघाल्या आणि माझ्या गळ्यावर येऊन थांबल्या. देखरेखीच्या बाईनं तोंडावर हातच ठेवला. ताली घरी ठेवून आलेल्या खाली बघत राहिल्या. त्यांना मी दोष देत नाही. मला जमलं असतं तर मीही खालीच बघितलं असतं.

संध्याकाळी आम्हा दोघींनाही काढलं. फाटकाबाहेर ती माझा हात धरायला आली, तो मी झिडकारला. "माझं वाटोळं करून काय मिळालं ग तुला?" ती रडायला लागली. स्वतःची पोत दाखवली की माझीही दिसणार, हे तिला खरोखरच सुचलं नव्हतं. एवढी हुशार बाई, आणि इतकं साधं सुचू नये! तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिला मी अजून माफ केलेलं नाही.

युनियननं दोघींच्या वतीनं दावा लावला. पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. दावा चालवायला उरले मी, जिला मुळात भांडायचंच नव्हतं ती! तारखांना जायचं आणि एरवी लोकांचे कपडे शिवायचे. खात्यातल्या बाकीच्यांना पगारवाढ मिळाली, पेन्शनचंही ठरलं. आमची मागणी तेवढी पुढच्या वेळी बघू म्हणून मागे राहिली.

दावा चालू असतानाच यजमान गेले. शेवटी शेवटी औषधं मला पुरी आणता येत नव्हती. नोकरी असती तर वाचले असते का? डॉक्टरांना विचारायचा धीर मला झाला नाही.

तेरावा झाल्यावर अण्णा आले. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाले, "अम्मा, कंपनी तुम्हाला परत घ्यायला तयार आहे. अगदी उद्यापासून. त्यांच्या नियमात विधवा चालते. फक्त दावा मागे घ्या म्हणतात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "सवाष्ण होते म्हणून काढलं, आणि आता विधवा झाले म्हणून घेताहेत? नको म्हणून सांगा त्यांना."

अण्णांनी चुलीकडे पाहिलं. ती विझलेलीच होती. "मग खाणार काय, अम्मा?"

"ते माझं मी बघेन. पुढची तारीख कधीची आहे, तेवढं सांगा."