सवलतवाले उभे राहा

"म्याडम, तुमाले लहानपणापासूनच सवलतीची सवय. इन्कम टॅक्सलेबी सोडलं नाही तुमी."

आमच्या शाळेचे बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, स्टाफरूमच्या मधोमध उभं राहून हे बोलले. हातात माझ्या नावाचं पत्र. मधली सुट्टी होती, सगळ्यांचे डबे उघडे होते. मी न दिलेली देणगी दाखवून कर कमी भरला, तो आता व्याजासकट भरावा, असं त्या पत्रात होतं. बाबूंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. माझा पगारही वाचला. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. हेडसरांनी हसू लपवायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ते मला दिसलं.

मी बाळापूरजवळच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. अकोल्याहून एसटीनं येते-जाते. सवलत हा शब्द मला नवा नाही. लहानपणी धामणगावला शाळेत फी गोळा करायच्या दिवशी गुरुजी ओरडायचे, "सवलतवाले उभे राहा." आमच्या बौद्धवाड्यातली आम्ही चार पोरं उभी राहायचो. बाकीचा वर्ग माना वळवून पाहायचा. फी माफ असणं हा आमचा हक्क होता. पण हक्क काय असा उभं करून देतात? पुढे मी एमएस्सी पहिल्या वर्गात झाले, परीक्षा देऊन नोकरीला लागले. शब्द मात्र मागे मागे आलाच. कोणी थट्टेत म्हणायचं, कोणी कुजबुजत. तो ऐकला की माझी मान आपोआप खाली जायची.

आणि नेमकी तीच माझी चूक झाली.

दर वर्षी आमच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा भाचा अमरावतीहून लॅपटॉप घेऊन यायचा आणि प्रयोगशाळेत बसून सगळ्यांचे टॅक्स रिटर्न भरायचा. ई-मेल त्यानं सगळ्यांचा ऑफिसचाच दिलेला, म्हणून पत्रंही बाबूंच्याच हाती पडली. माझी पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "सवलत टाकून देऊ का म्याडम?" त्याच्या धंद्यात सवलत म्हणजे करातली वजावट. मला कळत होतं. पण शब्द कानावर पडला आणि माझे कान तापले. मागे तिघं जण रांगेत होते. मी स्क्रीनकडे न पाहता म्हणाले, "नियमात असन ते टाका." मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला आणि बाहेर पडले. पोरांना मी शिकवते, बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय परीक्षानळीत थेंब टाकू नका. स्वतः चिठ्ठी वाचली नाही. रिफंड आला तेव्हा खूशही झाले. आईला नवा कुकर घेतला.

त्या दिवशी सुट्टी संपल्यावर मी ऑफिसात पत्र मागायला गेले. बाबू जागेवर नव्हते. माझा कागद टेबलावर होता आणि त्याच्याखाली तसलेच आणखी कागद. पंधरा-सोळा तरी असतील. हेडसरांचा. ग्लास तोंडाला लावणाऱ्या हेडसरांचा. सगळ्यात खाली खुद्द बडे बाबूंचा. सगळ्यांनी एकाच ट्रस्टला देणगी दिलेली. ट्रस्ट अध्यक्षसाहेबांचा.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मला रडू आलं नाही. राग आला, आणि बऱ्याच वर्षांनी मला त्या रागाची लाज वाटली नाही.

बाबू आले. मी म्हटलं, "माझ्या नावाची देणगीची पावती दाखवा."

"ते तुमाले काहून पायजे? सगळे मिळून साहेबाले भेटू. मिटून जाईन."

"मी देणगी दिलीच नाही. तसंच लिहून देणार हाय."

त्यांनी दार लोटून घेतलं. "नोकरी इथंच करायची हाय न म्याडम?"

"इथंच करायची हाय. म्हणूनच लिहून राहिली."

स्कूटीसाठी जमवलेले पैसे मोडून कर भरला, व्याजासकट. न पाहता ओटीपी देणारी मीच होते, ते मी कोणावर ढकललं नाही. पण उत्तरात सरळ लिहिलं. ही देणगी मी दिलेली नाही. माझ्या नावावर ती कोणी टाकली ते लिहिलं. ट्रस्टचं नाव लिहिलं. खाली पूर्ण सही केली, आडनावासकट.

महिनाभरात ट्रस्टला पावतीबुकं घेऊन अकोल्याच्या इन्कम टॅक्स ऑफिसात बोलावणं आलं. मग अध्यक्षसाहेबांनी मला घरी बोलावलं. नोकरीच्या नऊ वर्षांत त्या घरात मी ओसरीच्या पुढे गेले नव्हते. त्या दिवशी सोफ्यावर बसवलं. बशीसकट कप आला. मी चहाला हात लावला नाही.

"म्याडम, येक कागद लिहून द्या," साहेब म्हणाले. "देणगी देल्ली होती, पण ध्यानात राहिली नाही, येवढंच. तुमचे भरलेले पैसे मी आजच्या आज देतो. आपल्याच शाळेची इज्जत हाय." मग त्यांचा आवाज उतरला. "येवढी सवलत द्या आमाले."

ह्या माणसाच्या तोंडून तो शब्द मागण्यासारखा निघाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी उठून उभी राहिले. ह्या वेळी कोणी उभं केलं नव्हतं.

"सवलत मिळणार नाही, साहेब."

आता स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. माझी बदली संस्थेच्या दूरच्या शाळेत करायचं घाटतंय, असं कानावर येतं. करू देत. जबाबाची तारीख मला आली आहे आणि मी जाणार आहे. पासबुक घेऊन जाणार, टेबलावर पाहिलेली सगळी नावं पाठ आहेत, ती घेऊन जाणार. माझं पत्र बडे बाबूंनी जसं वाचलं, तशी ट्रस्टची पावतीबुकं तिथं वाचली जातील. नावासकट, मोठ्यानं. आणि ज्याचं नाव येईल, त्यानं उभं राहायचं.