दगडापाशी कोण उभं राहणार?

शिवरामदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशी भांडायची तयारी करत होते. सकाळच्या पेपरात अंतराळात शस्त्रं ठेवावीत की नाहीत यावर अर्धं पान आलं होतं आणि लिहिणारा अगदी माझ्या बाजूचा होता. मी ते कापून पर्समध्ये ठेवलं. दुपारी शिळफाट्यावरून रिक्षा करून गावी जायचं, दादाच्या पुढ्यात कात्रण ठेवायचं आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं, असा बेत होता. तेवढ्यात वहिनीचा फोन. "ताई, ह्ये गेले ओ... चा मागितला, नि मी आनस्तवर गेले." मी रिक्षात बसून खूप रडले. आणि रडता रडता मनात आलं, की वादात हरायची वेळ आली की दादा नेहमी असाच उठून जातो. हे त्याला ऐकवलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून चांगला मोठा. सैन्यात त्याची बरीचशी नोकरी रडारपुढं बसून गेली. आकाशात काय हललं ते बघायचं आणि सांगायचं. निवृत्त होऊन गावी आला, भातशेती करू लागला, पण मान वर करून बघायची सवय काही सुटली नाही. मोबाइलवर उपग्रह कुठून कुठं जाणार ते दाखवणारं काहीतरी त्यानं घेतलं होतं. तिन्हीसांजेला अंगणात चहाचा कप घेऊन उभा राहायचा. आपल्या देशाचा उपग्रह गेला की खूश होऊन आणखी अर्धा कप मागायचा. दुसऱ्याचा गेला की चहा तसाच ठेवून आत. वहिनी म्हणायची, "मला पेपर वाचायला लागत नाय. चा उरला का समजायचं, जगात कायतरी बिनसलंय."

मी खोपोलीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे पृथ्वीबाहेर मला फारसं काम नव्हतं. पण टीव्हीवर या विषयाच्या चर्चा सुरू झाल्या आणि आम्हा दोघांना म्हातारपणी खेळणं मिळालं. दादाचं म्हणणं सरळ होतं. समोर माणिकगडाकडं बोट दाखवून तो म्हणायचा, "गड ज्याचा, खालचं खोरं त्याचं. आता आभाळ हाच गड हाय. दुसरा चढायच्या आत आपन चढायचं. तुला काय कळतंय गं सुले?" मी म्हणायचे, गडावरून दगड टाकला तर तो खाली पडून गप्प बसतो. वर एक उपग्रह फोडला की त्याचे तुकडे वर्षानुवर्षं गरगरत राहतात, त्यांना आपला-परका कळत नाही. तुझा हवामानाचा अंदाज, तुझा मोबाइल, सगळं त्यात जाईल. तो म्हणायचा, म्हणून तर राखण पाहिजे. मग मी जुना करार काढायचे, की पृथ्वीभोवती अण्वस्त्रं ठेवायची नाहीत असं सगळ्यांनी कबूल केलंय. तो लगेच, "नि बाकीच्या हत्यारांचं काय लिवलंय त्यात?" इथं मात्र मी उठून चहाचं बघायला जायचे, कारण बाकीच्यांबद्दल तो करार जवळजवळ गप्पच आहे.

आता आमच्या देवाच्या रानाबद्दल सांगायला हवं. आमच्या आणि खालच्या गावाच्या मध्ये वाघजाईचं रान आहे. त्यात कुणी फांदी तोडत नाही आणि लोखंडाचं पातं आत नेत नाही. आमच्याकडं पुरुषाच्या कमरेला लाकडी आकडी आणि आकडीला अडकवलेला कोयता हा असायचाच. तो शिवेवरच्या दगडापाशी काढून ठेवायचा आणि मगच आत जायचं. भातकापणी उरकली की दोन्ही गावं पूजेला येतात. कोयते ठेवून घ्यायला दगडापाशी उभं राहायचा मान आमच्या घराचा, म्हणजे दादाचा.

मागच्या पूजेच्या आदल्या वर्षी पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून दोन्ही गावांत बाचाबाची झाली आणि एकाच्या डोक्याला टाके पडले. त्यामुळं मागच्या खेपेला उडती बातमी आली, की खालचे लोक कोयते आत नेणार आहेत. झालं. आमची पोरं दगडापाशी अडून बसली. "ते आननार, मंग आमी काय रिकाम्या हातानं मरायचं?" मी बायकांत उभी होते. माझं लक्ष दादाकडं. रोजच्या त्याच्या हिशेबानं तर पोरांचं बरोबर होतं... दुसरा चढायच्या आत आपण चढायचं.

दादानं स्वतःचा कोयता काढून दगडावर ठेवला. "एकानं नेला का समदे नेतील. नि मंग रान ऱ्हाईल का रं?" असं म्हणून तो रिकाम्या हातानं खालच्या गावाच्या वाटेवर चालू लागला. तिथला म्हातारा कारभारी लोकांना घेऊन वर येतच होता. त्यानं विचारलं, "शिवराम, तुझी मानसं?"

"तू ये नि तुझ्या डोळ्यांनी बघ. माझ्या शब्दावर जाऊ नको."

म्हातारा आला. आमच्या पोरांनी एकमेकांकडं बघत बघत कोयते काढले, मग खालच्यांनीही काढले. दगडापाशी ढीग झाला. पूजा झाली, जेवणं झाली आणि निघायच्या घाईत ज्यानं त्यानं हाताला लागेल तो कोयता उचलला. घरी गेल्यावर बघतात तर मूठ परकी. पुढं कित्येक दिवस दोन्ही गावांची माणसं कोयता घेऊन दारोदार मालक शोधत हिंडत होती. जाईल तिथं चहा. एका घरी तर त्यातून सोयरीक जुळली.

त्या दिवशी परतताना मी दादाला म्हटलं, "आज तू माझ्या बाजूनं बोललास हं."

ऐकेल तर दादा कसला. "रान येगळं, आभाळ येगळं. हितं दगडापाशी मी उभा होतो, दोनी गावं मला वळखतात. वर कोन उभा ऱ्हानार? मानूस दाखव, आत्ता मत फिरवतो."

कात्रणातल्या त्या विद्वानालाही असा माणूस दाखवता आलेला नाही, मी नंतर नीट वाचून पाहिलं.

परवा पूजा झाली. दादानंतर मान त्याच्या मुलाचा, पण त्याला पुण्याच्या नोकरीतून रजा मिळाली नाही, म्हणून दगडापाशी कुणीच नव्हतं. मी लवकर जाऊन बाजूला बसले होते, आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. दोन्ही वाटांनी माणसं आली, थांबली. दादा उभा राहायचा तिकडं सगळ्यांनी एकदा बघितलं. मग खालच्या गावच्या म्हाताऱ्यानं कोयता काढून ठेवला, आमच्यातल्या एकानं ठेवला, आणि बघता बघता ढीग झाला.

जवळ गेले तेव्हा दिसलं, की जवळजवळ प्रत्येक मुठीला काहीतरी बांधलेलं आहे. कुठं लाल चिंधी, कुठं निळी सुतळी, कुठं बायकोच्या जुन्या साडीची किनार. या वेळी अदलाबदल व्हायला नको म्हणून. म्हणजे कोयता बाहेर ठेवायचा, हे जो तो घरूनच ठरवून आला होता.

दादा, तू माणूस दाखव म्हणालास. दगडापाशी कुणीच नव्हतं रं.